डावीकडच्या एकवीस धडका

इंटरनेटवर माझं एक पान आहे. तिथे मी तीनच गोष्टींवर लिहितो: व्हिडिओ गेम, गाड्या आणि घरची माणसं. शे-दीडशे लोक वाचतात, त्यातले निम्मे माझ्याशी भांडायला येतात. पोटापाण्यासाठी मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमधला दोष हुडकायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गेममधल्या शर्यतीत अर्धा सेकंद वाचवायचा, हा माझा दिनक्रम. बायको म्हणते, "तुला माणसांपेक्षा यंत्रांचं जास्त कळतं." परवापर्यंत मी हे कौतुक समजत होतो.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंगीला घेऊन गाडीने शाळेला निघाले. मुंगी माझी मुलगी, वय नऊ. एका जागी पाच मिनिटं ठरत नाही म्हणून मुंगी. तिला शाळेत सोडणं हे अण्णांचं काम, आणि ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं. अडतीस वर्षं त्यांनी बस चालवली. एकही अपघात नाही, त्याचं प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीत दिवाणखान्यात टांगलंय. आमच्या घरात बाकी कशाबद्दलही वाद होऊ शकतो, अण्णांच्या गाडी चालवण्याबद्दल नाही.

ते गेल्यावर मी चहा घेऊन बसलो आणि माझ्या पानावरच्या प्रतिक्रिया वाचायला लागलो. आदल्या रविवारी मी तिथे एक व्हिडिओ टाकला होता: 'कप्तानांच्या धडका'. कप्तान म्हणजे अण्णा. झालं होतं असं, की महिनाभरापूर्वी अण्णा आपणहून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "त्या तुझ्या खुर्चीत मला जरा बसू दे." माझी खुर्ची म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं माझं साम्राज्य. खऱ्या गाडीचं सीट, स्टिअरिंग, तीन पेडल आणि समोर पडदा. 'खोट्या रस्त्यावर खोटा घाम' म्हणून आयुष्यभर त्याची टर उडवणारा माणूस स्वतः तिथे बसतोय म्हटल्यावर मला आभाळ ठेंगणं झालं. अण्णा बसले आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घुसले. मग खांबाला, मग ट्रकला. मी हसून हसून लोळायच्या बेताला आलो. त्यानंतर ते आठवड्यातून दोन-तीनदा बसायला लागले आणि मी मागे उभा राहून मोबाइलवर चित्रण करायला लागलो. त्यातले वेचक प्रसंग जोडले, खाली सर्कशीतलं संगीत घातलं. माझं हसणं आधीपासून होतंच त्यात.

मध्येच एकदा अण्णांनी विचारलं होतं, "हे असं बाजूने अचानक अंगावर येतं, ते सगळ्यांनाच येतं का रे?" मी जाणकाराच्या थाटात सांगितलं, "अण्णा, पडदा केवढा, रस्ता केवढा. बाजूचं कुणालाच दिसत नाही त्यात. खऱ्या रस्त्यावर तुम्हाला कसली आलीय अडचण." ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा खेळायला लागले.

तर शुक्रवारी सकाळी व्हिडिओखाली तीसेक हसरे चेहरे होते. सगळ्यात शेवटची प्रतिक्रिया 'स्टेपनी' या नावाने लिहिणाऱ्या कुणाची तरी होती. स्टेपनीला मी कधी पाहिलेलं नाही. त्याने लिहिलं होतं, "दोनदा पाहिला. बावीस धडका आहेत, त्यातल्या एकवीस डावीकडून. माझ्या मामांचं असंच झालं होतं. हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांची नजर तपासून घे आणि तोवर गाडी हातात देऊ नकोस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोण कुठला हा, आमच्या अण्णांना शिकवणार. त्याला चांगला झापायचा म्हणून मी व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून आणि बोटांवर मोजत. खांब डावीकडचा. भिंत डावीकडची. ट्रक डावीकडून आला, तो दोन सेकंद पडद्यावर अख्खा दिसत होता आणि अण्णांनी स्टिअरिंग तसूभरही हलवलं नाही. पुढचा खांब डावीकडचा. बाराव्या धडकेला मी चहाचा कप खाली ठेवला. उजवीकडची एकच होती, आणि तिथे मागच्या गाडीने येऊन ठोकलं होतं.

नव्याने कामाला लागलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, लिफ्ट दर वेळी एकाच मजल्यावर अडकत असेल तर दोष त्या मजल्यावर शोधा. हे मी वीस वर्षं सांगतोय. आणि स्वतःच्या बापाच्या एकवीस धडकांना मी सर्कशीचं संगीत लावलं.

मी अण्णांना फोन लावला. तो आतल्या खोलीत वाजला. गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा त्यांचा बसच्या दिवसांपासूनचा नियम. बायको ग्रंथालयातल्या नोकरीवर जायच्या तयारीत होती, ती कंगवा हातात घेऊन बाहेर आली.

"अण्णांना दिसत नाही," मी म्हणालो.

"काय दिसत नाही?"

"डावीकडचं."

तिने खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

शाळा गाडीने वीस मिनिटांवर. मी स्कूटर कशी हाणली ते मला आठवत नाही. प्रत्येक वळणावर गर्दी जमलेली दिसेल असं वाटत होतं आणि प्रत्येक वळणावर नुसतं वळणच होतं. मोठ्या चौकातल्या सिग्नलला आमची निळी गाडी उभी दिसली. सिग्नल लाल होता. गाड्यांच्या मधून वाट काढत मी डाव्या बाजूने पुढे गेलो आणि मुंगीच्या खिडकीला खेटून थांबलो. काच खाली होती.

आत मुंगी बोलत होती. गप्पा मारल्यासारखं नाही, एका लयीत, मान ताठ ठेवून. "पुढे लाल, अजून चाळीस सेकंद. डावीकडे फूटपाथ, दोन हात. डावीकडे सायकल, पुढे चाललीय. गेली."

ही लय मी ओळखली, कारण ती मीच तिला शिकवली होती. रॅलीच्या खेळात चालवणाऱ्याच्या शेजारी एक जोडीदार बसतो आणि पुढचा रस्ता मोठ्याने सांगत राहतो. सुट्टीत आम्ही दोघं तो खेळ खेळायचो. मी चालवायचो, ती सांगायची. न चुकता सांगते म्हणून मी तिचं सगळीकडे कौतुक करत फिरलो होतो.

अण्णा समोर बघत होते. एकदा त्यांनी डावीकडच्या आरशाच्या दिशेने नजर टाकली. मी त्यांच्यापासून फार तर चार हातांवर होतो, लाल शर्टात, हेल्मेट न घालता. त्यांची नजर वळली आणि माझ्यापर्यंत न पोचताच परत गेली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. माझा बाप माझ्याकडे बघतोय आणि मी तिथे नाही. असा धक्का मला जन्मात कधी बसला नव्हता.

"डावीकडे स्कूटर," मुंगी म्हणाली, "एक हात. थांबलीय." मग तिने मान वळवली. "आजोबा, स्कूटरवर बाबा आहे."

"मस्करी नको हं. कामाच्या वेळी काम."

"खरंच आहे, आजोबा."

तेव्हा अण्णांनी खांद्यासकट सगळं अंग माझ्याकडे वळवलं, आणि मग मी त्यांना दिसलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न जीव खाऊन वाजायला लागले. मी स्कूटर फूटपाथवर चढवली, अण्णांना हात देऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी चौकापलीकडे एका बंद दुकानासमोर नेऊन लावली.

पहिली बोलली मुंगी. "बाबा, मी एखादं डावं चुकवलं का?"

"नाही गं. एकही नाही."

"मग आपण का थांबलो? मला उशीर होतोय."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग मागे वळून विचारलं, "कधीपासून, अण्णा?"

"तीन महिने होतील. एका सकाळी उठलो आणि डावीकडचं सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं. दोन दिवसांनी वाटलं, सुधारतंय. म्हटलं वय झालं, होत असेल. मग म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी. तुझ्या त्या खेळात धडकलं तरी कुणी मरत नाही. म्हणून बसलो तुझ्या खुर्चीत."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही खेळायला नव्हता आलात?"

"माझं काय खेळायचं वय आहे का रे. तपासायला आलो होतो. तुला विचारलं होतं की मी, हे सगळ्यांनाच असं होतं का. तू म्हणालास, बाजूचं कुणालाच दिसत नाही. तुझा त्यातला अभ्यास. आणि तू एवढा हसत होतास, मला वाटलं, खरोखर हसण्यासारखंच असणार."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. मी समोरच्या शटरवरचा गंज बघत बसलो.

"गाडीच्या डाव्या दारावरचा ओरखडा माझा आहे," अण्णा पुढे म्हणाले. "मुंगी तापाने झोपली होती त्या दिवसाचा. तिचं औषध आणायला एकटाच गेलो होतो, वळताना खांब घासला. तू सूनबाईला नाही नाही ते बोललास, तेव्हा मी मूग गिळून बसलो. ते चुकलंच माझं."

तीन आठवड्यांपूर्वी तो ओरखडा दिसल्यावर मी बायकोला गाडी चालवण्यावर व्याख्यान दिलं होतं, आरसे कसे बघावेत इथपासून. ती एकदाच म्हणाली होती, "मी या आठवड्यात गाडीला हातही लावलेला नाही." मग पाच दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

"आणि तरीही तुम्ही मुंगीला घेऊन चालवत राहिलात?" माझा आवाज चढला.

"ओरखड्यानंतर मी एकट्याने चालवणं बंद केलं," अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले. "मुंगी शेजारी बसून डावीकडचं सांगत असेल तरच चालवतो. नाहीतर किल्लीला हात लावत नाही."

त्यांच्या लेखी ही खबरदारी होती. अडतीस वर्षांत एकही अपघात न केलेला माणूस मला शांतपणे सांगत होता, की तो आता फक्त माझ्या मुलीला सोबत घेऊनच गाडी चालवतो. नऊ वर्षांची पोर रोज सकाळी वीस मिनिटं अर्धा रस्ता डोळ्यांत वागवत होती, आणि दप्तर घेऊन शाळेत जाऊन पाढे म्हणत होती. आम्हा मोठ्यांपैकी कुणाला पत्ता नव्हता. तिला तो खेळ वाटत होता की नाही, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

मी बायकोला फोन केला. सगळे धड आहेत, दवाखान्यात निघालोय, एवढं सांगितलं. मग म्हणालो, "तो ओरखडा तू काढला नव्हतास."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुलाही सांगितलं होतं." मग म्हणाली, "कुठल्या दवाखान्यात? मी येते."

अण्णांना मी मागेच बसू दिलं. मुंगी माझ्या शेजारी. गाडी सुरू झाली तशी ती सवयीने म्हणाली, "डावीकडे हातगाडी, दोन हात." मी म्हणालो, "दिसतेय मला, मुंगी. तू आता बाहेर बघ नुसतं." तिने खिडकीवर हनुवटी टेकली. पुढच्या चौकापर्यंत तिचे ओठ हलत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली, दिव्याचे ठिपके दाखवले, मग डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. तपासण्यांत दुपार झाली. बायको येऊन पोचली, मुंगी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. डोळे उत्तम होते. मेंदूच्या मागच्या भागात तीन महिन्यांपूर्वी रक्तपुरवठा अडला होता आणि डावीकडचं बघण्याचं काम तिथेच बंद पडलं होतं. वेळेवर आणलं असतं तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि आमचे चेहरे बघून थांबल्या.

"ते गाडी चालवताना नेमकं काय व्हायचं, कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो व्हिडिओ कधी एकदा पुसून टाकतो असं मला सकाळपासून झालं होतं. अण्णाच म्हणाले, "व्हिडिओ आहे याच्याकडे. दाखव की."

मी मोबाइल डॉक्टरीणबाईंसमोर धरला. आवाज बंद करायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "असू दे, त्यांच्या बोलण्यावरूनही कळतं." मग त्या छोट्याशा खोलीत सर्कशीचं संगीत वाजायला लागलं. खांब, भिंत, ट्रक. दर धडकेला मी हसत होतो, अगदी दम लागेपर्यंत. डॉक्टरीणबाई कागदावर रेघा मारून मोजत होत्या. दारापाशी बायको खाली मान घालून उभी होती. अण्णा एकवीसच्या एकवीस धडका बघायला बसले होते, मान पूर्ण डावीकडे वळवून, एकही सुटू नये म्हणून.

संपल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. "हसतंय कोण यात?"

मी मोबाइल खिशात घातला.

"आम्ही दोघं," अण्णा म्हणाले.

बाईंनी कागदावर तारीख घातली. व्हिडिओत हसण्याचा आवाज एकाच माणसाचा होता, आणि तो त्या खोलीतल्या प्रत्येकाने ऐकला होता.