डावीकडची सीट

"बसून तर बघा," गाडीचे मालक साएगुसासान म्हणाले आणि त्यांनी गाडीचं डावीकडचं दार माझ्यासाठी उघडून धरलं.

मी पाय उचलणार, तेवढ्यात गाडीच्या खालून आमच्या ह्यांचा आवाज आला. "तिला नको. तिला गाडी लागते."

लागते म्हणे! तीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या सहलीत, घाटातल्या बसमध्ये मला एकदा ओकारी झाली होती. एकदाच. त्या एका ओकारीच्या जोरावर ह्या माणसाने मला जन्मभर घरी बसवलं आणि स्वतः मात्र दर रविवारी कारखान्यातल्या मित्रांबरोबर मासे पकडायला गेला.

"मला काही लागत नाही," मी म्हणाले. पण नवरा बोलल्यावर परक्या माणसाने काय करावं? साएगुसासाननी दार हळूच लोटून दिलं.

गाडी जुनी, हिरवी, दोनच सीटांची, छप्पर मागे सारता येणारी. मालक स्वतःच विकतोय, मध्ये दलाल नाही, हे ह्यांनी फोनवर वाचलं आणि तेव्हापासून ह्यांना जेवण गोड लागेना. आमच्या इना गावापासून दीड तास आमच्या छोट्या डबा गाडीतून आम्ही इथे आलो होतो. हे आल्या आल्या अंगणातच उताणे होऊन गाडीखाली शिरले. कंबरेचं एरवीचं दुखणं कुठे पळालं कोण जाणे.

मियोकोसान, म्हणजे साएगुसासानची बायको, काठी टेकत चहा घेऊन आली. बरोबर हिरव्या पाल्याचं लोणचं. वय सत्तरीचं, पण ओठांना हलका रंग लावलेला. ट्रे तिच्या हातात दिसताच म्हातारा धावला. "अगं, मला हाक मारायची ना! तुला कोणी सांगितलंय?"

"ट्रे उचलता येतो हो मला. खुबा बदललाय, हात नाही," ती म्हणाली.

हे गाडीखालून बाहेर आले, हात पुसले. "गाडी ठणठणीत आहे. मग विकताय का?"

"हिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ना. सीट फार खाली आहे, हिला आता बसता येत नाही."

"मग तुम्ही एकटे चालवा की!"

"एकटा?" म्हातारा ह्यांच्याकडे बघतच राहिला. खरंच त्याला कळलं नव्हतं. "एकटा कुठे जाऊ?"

मियोकोसानने लाजून त्याच्या दंडावर चापट मारली. "पाहुण्यांसमोर काय बोलता!" मग मलाच सांगायला लागली. पानं लाल झाली की ही दोघं डोंगरावरून जायची, तलावाकाठी शेवया खायची, एकदा छप्पर उघडं असताना गारा पडल्या तर म्हाताऱ्याने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली. ती सांगत होती आणि मी हसून माना डोलवत होते. वृद्धाश्रमात रोज दहा म्हाताऱ्यांना उचलून माझ्या पाठीचं लाकूड झालंय. माझ्यासाठी कोणी साधी सायकलसुद्धा विकली नाही. खरं सांगते, मला त्या बाईच्या मोडक्या खुब्याचासुद्धा हेवा वाटला.

आणि आमचे हे? हे सगळं कानावर पडल्यावर ह्यांनी विचारलं काय, तर, "इंजिनाचा पट्टा कधी बदललाय?"

परत येताना ह्यांचं तोंड बंद होईना. अमुक मूळचं आहे, तमुक गंजलेलं नाही. मग म्हणाले, "म्हातारा जरा हळवाच आहे. पण बरं झालं, किंमत उतरवली."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

कर्जासाठी गेलो, तर पतसंस्थेत कुराशिना नावाचा तरुण साहेब होता. त्याने कागद उलटेपालटे केले आणि मान तिरकी केली. आमच्याकडे साहेबाची मान तिरकी झाली, की काम झालं नाही असं समजायचं. "गाडी इतकी जुनी आहे, की तारण म्हणून तिची किंमत शून्य. त्यातून विकणारा खाजगी माणूस, दुकानाची हमी नाही. आणि होन्मासान, तुम्ही निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर... जरा अवघडच आहे."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मात्र," साहेब माझ्याकडे वळला, "बाईंची नोकरी कायमची आहे. कर्ज बाईंच्या नावावर घेतलं तर देता येईल."

अठरा लाख येन. पाच वर्षं. नाव माझं, हप्ता माझ्या पगारातून. हे खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळले. लग्न ठरवतानासुद्धा इतकं निरखून बघितलं नव्हतं मला.

"घरी जाऊन विचार करते," मी म्हणाले.

सहीऐवजी चालणारा माझा नोंदवलेला शिक्का देवघराच्या खणात पडून राहिला. तो कागदावर उमटल्याशिवाय गाडी दारात येत नव्हती. घरात ह्यांचं वागणं असं बदललं, की बघत राहावं! न्हाणीघर घासलं. माझ्या आवडीचे लाल चवळीच्या सारणाचे पाव आणले. गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो, म्हणून माझे कांद्याच्या पातीचे वाफे उपटायचे होते, तर ती पातसुद्धा धुऊन, जुड्या बांधून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली.

मला पाव नको होते. मला एकच वाक्य हवं होतं. तेही मागून नव्हे. मागून मिळालेलं वाक्य काय चाटायचंय?

शेवटी जेवताना हे म्हणाले, "किनुए, गाडी आली ना, की पहिली तुलाच बसवणार. कुठे जायचं ते तू सांगायचं."

बरोबर कळलं होतं मला, की हे शिक्क्यासाठी बोलतायत. माणूस गरजेपोटी गोड बोलतो हे काय मला कळत नाही? तरीही मी ह्यांच्या वाडग्यात आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी मी शिक्का मारला. पैसे पतसंस्थेतून थेट साएगुसासानच्या खात्यात गेले.

गाडी आणायला निघाले तेव्हा मी निळा स्कार्फ घेतला. छप्पर उघडलं की केस उडतात, मियोकोसाननेच सांगितलं होतं. आणि ओठांना हलका रंग लावला. ह्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात न येण्यासारखा हलका लावला होता, तेही खरं.

साएगुसासाननी गाडी पुसून लख्ख करून ठेवली होती. किल्ली दोन्ही हातांवर ठेवून, वाकून, त्यांनी माझ्यासमोर धरली. कर्ज माझ्या नावावर ना! मीही वाकून दोन्ही हातांनी घेतली आणि ह्यांना दिली.

हे उजवीकडे बसले, इंजिन सुरू केलं. मी स्कार्फ बांधून डावीकडच्या दाराशी गेले.

"अगं, मग आपली गाडी कोण आणणार?" हे म्हणाले.

आम्ही डबा गाडीतून आलो होतो. दोन गाड्या, दोन माणसं. इतकी साधी गोष्ट, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती!

"त्यात काय एवढं?" साएगुसासान लगेच म्हणाले. "ती राहू दे इथेच. दोघं तलावापर्यंत एक चक्कर मारून या. आम्ही चहा टाकतो."

मी दाराला हात लावला.

"नको, नको," हे म्हणाले. नजर डॅशबोर्डच्या काट्यांवर. "टायर जुने आहेत, अंधार पडायच्या आत घरी पोचलेलं बरं. चक्कर काय, कधीही मारता येईल. तू ये मागून सावकाश."

मियोकोसानने माझ्या स्कार्फकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे, आणि चटकन मान खाली घातली. ती हसली असती तर परवडलं असतं. तिला माझी कीव आली होती. ती कीव मला सोसवेना. काठी टेकत ती आत गेली आणि एक छोटी उशी घेऊन आली. घरीच शिवलेली, निळ्या किमोनोच्या कापडाची.

"हिरव्या गाडीची सीट खोल आहे हो," मी डबा गाडीत बसल्यावर ती माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली. "तुम्ही बसाल ना, तेव्हा पाठीला घ्या."

"आभारी आहे," मी म्हणाले आणि उशी शेजारी टाकली.

मागच्या आरशात ती दोघं फाटकाशी वाकून उभी होती, वळणापर्यंत. आपल्याला कोणी बघत नाहीसं वाटल्यावर म्हाताऱ्याने तिच्या कोपराला धरून तिला घराकडे वळवलं. ते मी बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

पुढे हिरवी गाडी चालली होती. ह्यांनी छप्पर उघडलं होतं. उजवीकडे ह्यांचं टक्कल, डावीकडे रिकामी सीट. मला दीड तास दुसरं काही दिसणार नव्हतं. गावाच्या वेशीवर सिग्नल पिवळा झाला. हे सुटले. माझ्यापुढे लाल झाला. मला वाटलं, पलीकडे बाजूला घेऊन थांबतील. नाही थांबले. आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला.

मी ती उशी उचलली. कापराचा वास येत होता. खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशी वाटली, काचही खाली केली. पण सकाळची पाळी करून आले होते आणि पाठ दुखत होती. मी ती माझ्या पाठीशी घेतली. बरं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मग सिग्नल हिरवा झाला, तशी मी निघाले.