खुंटीवरचे पांढरे पट्टे

"मावशी, सर मला पाडत नाहीत गं. माझ्यावर पडतात."

कपडे बदलायच्या पडद्याआड भाची माझ्या कानाशी कुरकुरली. मी तिच्या पट्ट्याची गाठ मारत होते, ती जरा जास्तच आवळली. "नवं नवं असंच वाटतं," म्हटलं. "चल."

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा ज्युदोचा वर्ग. खाली यंत्र सुरू झालं की मॅटखालची फरशी थरथरते. दारामागच्या खुंट्यांवर सोडून गेलेल्या नवशिक्यांचे पांढरे पट्टे लटकतात. कुणी आठ दिवस टिकलं, कुणी महिना. एकाचा खांदा निखळला, एकीच्या बरगड्या दुखावल्या, बाकीच्यांना एकाएकी कामं निघाली. सर खुंट्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "हल्लीच्या पोरांत नेट नाही." आणि आम्ही जुने चौघं, म्हणजे मी, पोस्टमन, गवंडी आणि दातांची डॉक्टरीण, नंदीबैलासारख्या माना डोलवायचो.

खरं काय ते चौघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षांपासून सरांचा उजवा गुडघा भार घेत नव्हता आणि हाताची दोन बोटं मिटत नव्हती. समोरच्याला उचलून पाडायची फेक अर्ध्यात अडायची. नेमक्या त्या क्षणी आम्ही पाय उचलून आपणच उडी घ्यायचो, आणि मॅटवर असा दणका द्यायचो की खालच्या छपाईवाल्यानं छताकडं बघावं. पहिल्यांदा कुणी केलं, आठवत नाही. कुणी कुणाला सांगितलंही नाही. नवरा गेल्यावर मी वर्षभर शिवणयंत्रापासून उठले नव्हते. या माणसानं मला मॅटवर आणून पडायला शिकवलं, आणि उठायलाही. त्याच्यासाठी एवढं पडलं तर काय बिघडलं, असं वाटायचं.

नव्यांना मात्र हे ठाऊक नसायचं. ती बिचारी सांगितल्यासारखी उभी राहायची, फेक अडायची, आणि सर सगळ्या वजनानिशी त्यांच्या अंगावर यायचे.

त्या रविवारी सकाळी सरांनी भाचीला पुढं बोलावलं. "खांद्यावरची फेक. ये, बाळ."

"सर, माझ्यावर दाखवा," मी उठले.

"तू नको. तुझं अंग पिसासारखं झालंय. नवं अंग पाहिजे."

पोस्टमननं मान खाली घातली. गवंडी बांधलेला पट्टा सोडून पुन्हा बांधू लागला. मला तोंड होतं, एक वाक्य पुरलं असतं. मी भाचीला एवढंच म्हणाले, "हनुवटी छातीला लाव."

तिनं लावली. शिकवलेलं सगळं केलं पोरीनं. सर वळले, वाकले, तिला अर्ध्यावर उचललं, आणि त्यांचा गुडघा गेला. दोघं कोसळली. ती खाली, ते वर. आवाज बारीकच झाला, सुई मोडल्यासारखा.

तिच्या गळ्याखालचं हाड कातडीआडून वर आलं होतं. डॉक्टरणीनं तिचा हात जागच्या जागी धरून ठेवला. पोस्टमन गाडी बघायला जिना उतरून पळाला. मी पिशवीतून कात्री काढली आणि तिची बाही कापायला घेतली. गेल्याच महिन्यात मीच शिवलेली, टिकावी म्हणून दुहेरी टीप घातलेली. ती कापायला वेळ लागतो.

सर भिंत धरून उभे राहिले. "दचकली," म्हणाले. "ऐन वेळी अंग आखडलं तिनं. आता बघ, ही पण येणार नाही. नेट नाही."

गवंड्याची मान हलायलाही लागली होती.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती सरांकडं बघतच नव्हती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं ना?"

बाही कापून झाली होती. मी कात्री खाली ठेवली.

"सर," मी म्हणाले, "तिनं काही चुकवलं नाही. तुम्हाला आता कुणालाच फेकता येत नाही. दोन वर्षं आम्ही आपणहून पडतोय."