बरका सांगा, कापा नको

ओमानातल्या बरका गावच्या क्रिकेट टीमचा इतिहास सांगायला बसलं, तर चहा गाळून होईपर्यंत संपतो. पहिल्या वर्षी हरले, मग हरत राहिले. मधे काहींची लग्नं झाली, काहींचे व्हिसा संपले, एकाचं पोट इतकं सुटलं की त्याला अंपायर करावं लागलं. हरण्यात मात्र, रमजानचा महिना सोडला तर, खंड पडला नाही. तरी शरीफभाई दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हा इतिहास तासभर ऐकवायचे. गिऱ्हाईक बिचारं कांदे घ्यायला आलेलं असायचं.

टीम शरीफभाईंची, पण नाव त्यांच्या बायकोनं, गुलबानूनं ठेवलेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कसं ठेवलं, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

झालं असं. पहिल्या टूर्नामेंटला नाव लिहून घेणाऱ्यानं विचारलं, टीमचं नाव काय? शरीफभाईंनी बायकोला न विचारता आयुष्यात एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे लग्न. आणि तेही आईला विचारून. त्यांनी घरी फोन लावला. मैदानावर वारा, स्वयंपाकघरात मिक्सरची घरघर. गुलबानूला एवढंच ऐकू आलं, "...काय सांगू?" सकाळीच तिनं सांदणासाठी फणस आणायला सांगितला होता. तिला वाटलं, नवरा भाजीवाल्यापुढे उभा आहे. ती ओरडली, "बरका सांगा! कापा नको, बरका!"

शरीफभाईंना अर्धंच ऐकू गेलं, आणि अर्ध्यावरच त्यांचा ऊर भरून आला. बायकोनं बरका गावाची शान राखली! संध्याकाळी ते मॅच हरून, फणस विसरून घरी आले आणि म्हणाले, "काय नाव दिलंस गं! बरका इलेव्हन!" गुलबानूनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग? कोण देणार होतं?"

खरी पंचाईत झाली ती शेजारच्या माबेला गावच्या पोरांमुळे. तीही कोकणातलीच, रत्नागिरीकडची. कोकणच्या पोराला काय शिकवायचं, की कापा फणस म्हणजे कडक, आणि बरका म्हणजे हातातून सुळकन निसटणारा? त्यांनी हसून हसून आपल्या टीमचं नाव ठेवलं, कापा इलेव्हन. बरक्याच्या पोरानं कॅच सोडला की तिकडून आरोळी यायची, "बरका तो बरका, हातात राहील कसा!" आणि कॅच तर दर शुक्रवारी सुटायचे.

तरी नाव टिकलं. मग मस्कतचा तौहीद सेठ आला. एसीचे पार्ट विकून मोठा झालेला. टीमला शर्ट, बूट, बॅटी सगळं देतो म्हणाला. नमुन्याचा शर्टही घेऊन आला होता. त्यावर जबडा उघडलेला वाघ आणि खाली नाव, गल्फ टायगर्स.

"शरीफभाई, बरका म्हणजे गिळगिळीत," तो म्हणाला. "हाताला चिकटतो, घशात अडकतो. असल्या नावाखाली मी माझ्या दुकानाचं नाव छापू?"

गुलबानू चहा घेऊन आली होती. "आणि वाघ रे तौहीद? ओमानात उंट असतात, बकरे असतात. वाघ कुठं बघितलास तू?"

"खाला, नाव पॉवरफुल पायजे."

"तुझ्या दुकानाचं नाव राजमहाल. आत पंखा एक, तोपण गिऱ्हाईक आलं की लावतोस."

पोरं खाली मान घालून हसली. तौहीदला ते लागलं. "बरं खाला, तुमचाच मान राखतो. या शुक्रवारी कापाशी बक्षिसाची मॅच हाय ना? जिंका. नाव जन्मभर तुमचं. हारलात, तर टायगर. मंजूर?"

शरीफभाई तोंड उघडेपर्यंत गुलबानूनं सांगून टाकलं, "मंजूर!" आणि आत गेल्यावर ती मोजायला लागली, आपण पणाला काय लावलं ते. या घरात दुकान नवऱ्याच्या नावावर, गाडी मुलाच्या, गावचं घर दिराच्या. तिच्या तोंडून निघालेलं आणि जगानं लिहून घेतलेलं असं एकच होतं. ते चुकून का असेना, तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाकघरात आली. अल्फिया, मुलाची, म्हणजे कॅप्टन यासिरची बायको. शाळेत टीचर, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय. तौहीद सेठनं तिला टीमच्या इतिहासाचा व्हिडिओ बनवायला सांगितला होता.

"अम्मी, आपण कधीच नाय जिंकलो?"

"जीभ हासडीन! रमजानात जिंकतो की. दरसाल. इफ्तारच्या आधी खेळतात ना, तेव्हा. महिन्याची बरकत असते."

"पण अम्मी, रमजान कापावाल्यांचापण असतो ना?"

गुलबानूचा डाव पातेल्यात थांबला.

"आणि रमणभाऊ? ते तर रोजा धरत नाहीत. तरी त्यांच्या बोलिंगवर रमजानातच विकेटी पडतात."

"धरत नाय, पण आमच्या पोरांपुढे खाईल कसा? संगमेश्वरचा हाय, पण लाज हाय त्याला. तोपण दिवसभर उपाशीच ऱ्हातो."

"म्हणजे रमजानात मॅचच्या आधी कुणीच जेवत नाय," अल्फिया सहज म्हणाली आणि फोनमध्ये काहीतरी टिपू लागली.

एरवीचा शुक्रवार कसा असायचा? जुम्याची नमाज झाली की अख्खी टीम शरीफभाईंच्या घरी दस्तरखानावर. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि शेवटी नारळाच्या रसात बुडवलेलं सांदण, पिवळंधमक, गावाहून गोठवून आणलेल्या बरक्या फणसाचं. कुणी दुसऱ्यांदा नको म्हणाला, तर गुलबानू विचारायची, "का रे, तुझ्या आयशीनं जेवायला नाय शिकवलं?" मग ढेकर देत पोरं थेट मैदानात. रमण लांबून पळत यायला निघायचा, आणि दोन ओव्हरींत त्याचं पळणं चालण्यावर यायचं.

गुलबानूनं सांदणाच्या भांड्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. "तुला म्हणायचंय काय?"

"काय नाय, अम्मी."

"मग कांदा चीर."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला हुकूम सोडला, "कापावाल्यांना शुक्रवारी जेवायला बोलवा."

"त्यांना? मॅचच्या आधी?"

"इतकी वर्षं खेळतात, दारातनं नुसता चहा पिऊन जातात. उद्या त्यांच्या आया गावात काय म्हणतील? बरक्यात माणसं ऱ्हातात का उंट?"

शुक्रवारी कापा इलेव्हन आली. कॅप्टन नुमान पुढे. वास आला आणि त्यांची अर्धी खुन्नस उंबऱ्यातच विरघळली. बरक्याची पोरं सवयीनं बसायला गेली, तशी गुलबानू कडाडली, "उठा! पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यानं ताटाला हात लावायचा, ही कुठली रीत? वाढायला लागा!"

यासिर म्हणाला, "अम्मी, भूक लागलीय."

"पाहुण्याला भाकरी दे."

तिनं स्वतः सांदण वाढलं. नुमान नको म्हणाला. तिनं पदर डोळ्याला लावला. "तुझी आय कशी हाय रे? तिनं माझ्याकडचं कधी नाय म्हटलं नसतं." नुमाननं चार खाल्ली. त्याचं बघून इतरांनी पाच-पाच. शेवटचं ताट उचललं तेव्हा मॅचची वेळ झाली होती. "यल्ला, निघा!" गुलबानूनं घरच्या पोरांच्या हातावर खजूर ठेवला आणि पाणी दिलं. "बाकीचं आल्यावर."

रमण खजुराकडे बघत म्हणाला, "खाला, आज रमजान हाय काय?"

"तोंड बंद ठेव नि पळ."

आणि तो पळाला. भुकेनं चिडलेली सगळीच पळाली. कापावाले जमिनीत गाडलेल्या खुंट्यांसारखे उभे होते. चेंडू त्यांच्या शेजारून जायचा आणि ते त्याला जाताना बघायचे, पाहुण्याला निरोप द्यावा तसे. शेवटी नुमाननं जोर लावून एक उंच मारला. खाली यासिर. गाडीत बसलेल्या गुलबानूनं डोळे मिटले. तिकडून आरोळी आली, "बरका तो बर..." आणि मधेच तुटली. चेंडू हातातच राहिला होता.

बक्षिसाच्या वेळी शरीफभाईंनी भाषण केलं. अल्लाचे आभार मानले, तौहीदचे मानले, अजून न आलेल्या नव्या बुटांचेसुद्धा मानले. तौहीद शब्दाचा पक्का होता, वाघाचा शर्ट घडी करून पिशवीत कोंबला आणि म्हणाला, "खाला, जन्मभर बरका. पण जिंकलात कसे?"

अल्फिया सासूकडे बघत होती. गुलबानूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण आजचं श्रेय घ्यायचं, तर आजवरचं सगळं हरणंही पदरात घ्यावं लागलं असतं.

"नावात बरकत असते," ती म्हणाली.

नुमान पोटावर हात ठेवून जवळ आला. "खाला, सांदण लय भारी होतं. पुढच्या शुक्रवारी आमची मॅच नाय, तरी आलो तर चालेल?"

"ये की. पण आधी सांग, पुढच्या शुक्रवारी आमची कुणाशी हाय?"

"सोहारवाल्यांशी."

गुलबानूनं घराकडे वळता वळता नवऱ्याला हाक मारली, "ऐकता काय? सोहारला फोन लावा. म्हणावं, जेवायलाच या."

मागून यासिरचा बारीक आवाज आला, "आणि आम्ही, अम्मी?"

"घरचेच तुम्ही," गुलबानू म्हणाली. "घरच्यांना कसली घाई?"