कावळा शिवतानाचा फोटो

आई गेल्यापासून झुलाल आतून बधिर झाला होता. दहाव्याला त्याने डोकं भादरून घेतलं, ओढ्यात बुडी मारली, पिंड ठेवला; आईचं धाकट्याने करायचं म्हणून केलं, दुसऱ्या कुणाचं काम उरकावं तसं. मग ओल्या धोतरानिशी तो कॅमेरा घेऊन उभा राहिला, तेव्हा सोनगीरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

कारण होतं थोरला भाऊ, पुना. तो दोन वर्षांपूर्वी पलटणीत गेला आणि आता मिसर देशात लढाईवर होता. निघताना आई, भिकुबाई, त्याला म्हणाली होती, जातोस तर माझ्या तोंडात पाणी घालायलाही येऊ नकोस. बोलणारी बोलून गेली, आता ऐकणारा जन्मभर जळणार. पिंडाला कावळा शिवला, म्हणजे आई राग सोडून गेली, हे पुनाला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. नुसत्या पत्रावर त्याचा विश्वास बसला नसता.

झुलाल धुळ्याला भंवरलालशेठच्या फोटोच्या दुकानात कामाला होता. खुर्चीतली माणसं टिपून हात बसलेला, पण उडतं पाखरू त्याने कधी टिपलं नव्हतं. लढाईच्या टंचाईतही शेठजींनी फोटो उमटवायची एक काच दिली आणि वर कानमंत्र दिला. ऊन पाठीशी घे. पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, तेव्हा वाराही पाठीवर घे. अंतर आधीच पिंडावर बांधून ठेव. पाखरामागे नुसते हात नको, कंबर फिरव. आणि खटका दाबला तरी फिरणं थांबवू नको.

कावळे बाभळीवर बसले होते, पण एक खाली येईल तर शपथ. मग सुरू झाल्या विनवण्या. वनाकाका म्हणाले, पुना सुखरूप येईल. कोणी त्याचं लग्न थाटात लावायचं कबूल केलं, कोणी त्याच्या नावाने देवीला साडीचोळी बोललं. ऊन चढलं, मंडळींच्या पोटात कावळे ओरडू लागले, बाभळीवरचे मात्र ढिम्म.

झुलालचं नाव कोणी घेतलं नाही, आणि त्यालाही ते खटकलं नाही. जवळ असतो त्याची काळजी कोण करतो? दोन महिन्यांच्या आजारपणात आई त्याच्या हातचं पाणी प्यायली, आणि वाट पाहिली ती पुनाची.

शेवटी आईची धाकटी बहीण भागाबाई पुढे झाली. हात जोडून हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुना झुलालले मी सांभायसू. आते तू जाय."

एक कावळा सुटला. झुलालची कंबर आपोआप वळली, खटका पडला, तरी कंबर वळतच राहिली. पिंडावर चोच पडली आणि माणसं सुटकेने उठली. मावशीने त्यालाच सांभाळायचा शब्द दिला होता, ते त्याला कॅमेरा मिटताना उमगलं. तो तिथेच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात काच धुतली. पंख पसरलेला कावळा पिंडाला भिडलेला, नख न् नख स्पष्ट. शेठजी खूश झाले, एक प्रत स्वतःला ठेव म्हणाले. झुलाल नको म्हणाला.

त्याने पत्र लिहायला घेतलं. जाता जाता आईचा जीव अडकला होता तो झुलालमध्ये, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पुनाला ते कुणी सांगणार नव्हतं. टाक शाईत बुडवून त्याने लिहिलं, "भाऊ, आम्ही तुझं नाव घेतलं आणि लगेच कावळा शिवला."