मी तोंडावर लावलेले दार

मी एक जुनी लिफ्ट आहे. माझ्या भिंतींवर ओरखडे पडले आहेत, आरशाचा एक कोपरा उडाला आहे आणि वर जाताना मी जरा कण्हते. मित्रांनो, त्याचे मला काही वाटत नाही. वय झाले की कण्हायचेच. मला खाते ते दुसरेच काहीतरी. माझ्यामुळे दोन बहिणींची माया तुटली, आणि ती कशामुळे तुटली हे फक्त मला ठाऊक होते.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा माझ्या बटणांच्या पट्टीचे फार कौतुक झाले. चकचकीत पोलाद आणि त्यावर एकसारखी गोल बटणे. अगदी खाली, शेजारी शेजारी, दाराची दोन बटणे होती. एकावर दोन इवलेसे बाण एकमेकांकडे तोंड करून होते, दुसऱ्यावर एकमेकांकडे पाठ करून. पाठ फिरवलेले बाण म्हणजे दार उघडा, तोंडे जुळलेले म्हणजे दार लावा. माझा आराखडा काढणारे साहेब म्हणाले, "बघा, कुठे शब्दांचा पसारा नाही. किती सुटसुटीत दिसतंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बटणे तपासली, तीही निवांत उभे राहून, समोरून कुणी धावत येत नसताना. मीही फुशारले. आपण देखण्या आहोत, आणखी काय हवे, असे मला वाटले.

मला एका सहा मजली इमारतीत बसवले आणि रोजची मजा सुरू झाली. कुणीतरी "थांबा, थांबा" म्हणत धावत यायचे. आतला भला माणूस लगबगीने बटण दाबायचा आणि मी नेमके येणाऱ्याच्या नाकासमोर दार मिटायचे. एकदा गाण्याच्या मास्तरांची छत्री अडकली, टोक आत आणि मास्तर बाहेर. आतले लोक ओशाळायचे. "माझंच लक्ष नव्हतं हो," म्हणायचे. मला कुणीच बोल लावला नाही, आणि खरे सांगते, मी मनातल्या मनात हसायचे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

चौथ्या मजल्यावर ताई राहायची. ती शिवणकाम करायची, मापाची टेप कायम गळ्यात. तिची म्हातारी आई तिच्याकडेच होती. सहाव्या मजल्यावर ताईची धाकटी बहीण राहायची, ती दातांची डॉक्टर. आईला कुणी सांभाळायचे यावरून दोघींचे एकदा चांगलेच वाजले.

"आई काय माझ्या एकटीची आहे?" ताई म्हणाली.

"मग मी दवाखान्याला कुलूप लावू का?" धाकटी म्हणाली.

हे भांडण माझ्या दारातच झाले. त्यानंतर बोलणे बंद. आईचा जीव दोघींत अडकला. तिला एकच हवे होते, दोन्ही मुलींनी एकदा तिच्या शेजारी बसून जेवावे.

शेवटी ताईनेच नमते घ्यायचे ठरवले. धाकटीचा दवाखान्यातला पांढरा कोट कोपरावर विरला होता. ताईने तिच्यासाठी नवा कोट शिवला. आईला माझ्यातून नेताना ती म्हणाली, "इस्त्री करून आणते नि आजच देते तिला." आई इतकी खूश झाली, की माझ्या आरशात बघून तिने केस सारखे केले.

त्या संध्याकाळी धाकटी तळमजल्यावर माझ्यात शिरली. तेवढ्यात ताई फाटकातून आली, हातात तो कोट.

"थांब गं!"

धाकटीचा चेहरा असा उजळला! ताईकडे बघत बघतच तिने हात लांबवला आणि बटण दाबले. मित्रांनो, त्या बटणावरचे बाण तोंडे जुळलेले होते. मी दार मिटले.

बाहेरून ताईला काय दिसले असेल? बहिणीने आपल्याकडे पाहिले, बटण दाबले आणि दार तोंडावर लावले. ती जिन्याने घरी गेली. धाकटीला वाटले, दार आपसूकच मिटले; ती सहाव्या मजल्यावर माझ्यासमोर उभी राहिली, ताई आता येईल म्हणून. ताई आली नाही. तेव्हा धाकटीला वाटले, ताईचा राग काही जात नाही, आपण तरी किती नाक घासायचे?

पुढे एकदा आईला तपासायला नेताना ताई बोलून गेली, "आई, तिनं माझ्या डोळ्यांत बघून दार लावलं."

"चुकून बोट लागलं असेल गं."

"तिचं बोट चुकत नाही आई. दातांची डॉक्टर आहे ती."

मी तेव्हा ओरडायला हवे होते. पण मला फक्त वर जाता येते आणि खाली येता येते. ताईला तरी कसे कळावे? आईची पावले हळू पडायची, म्हणून ताई नेहमी दारात पाय रोवून उभी राहायची, बटणाला कधी हातच लावायची नाही.

आईला शेवटचे मीच खाली नेले. चाकाच्या खुर्चीत आई, एका कोपऱ्यात ताई, दुसऱ्या कोपऱ्यात धाकटी. आई एकदा हिच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे. ती परत आली नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ताई माझ्यात उभी होती. धाकटी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत होती. अंगात तोच जुना, विरलेला कोट. ताईला काय वाटले कोण जाणे, तिने माझे दार थांबवायला बटण दाबले. मी मिटले. फटीतून तिला धाकटीचा पडलेला चेहरा दिसला.

ताई आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने चष्मा लावला आणि वाकून ते बाण पाहिले. "अगं बाई," ती म्हणाली. चौथा मजला आला, ती उतरली नाही. तिने पुन्हा तळमजल्याचे बटण दाबले. मी आयुष्यात एवढ्या घाईने कधी उतरले नाही.

धाकटी तिथेच उभी होती.

"अगं, मी उघडायला दाबलं होतं गं!"

धाकटीच्या हातातली एक पिशवी खाली पडली. "मीपण, ताई. त्या दिवशी मीपण उघडायलाच दाबलं होतं."

ताईला रडू आवरेना. "आई म्हणत होती. मी ऐकलं नाही." त्या रात्री दोघी एकत्र जेवल्या, असे मी दुसऱ्या दिवशी ऐकले. आईची जागा रिकामीच होती.

ताईने उघडायच्या बटणाला लाल मखमलीचा तुकडा चिकटवला. आता न बघताही तो बोटांना कळतो. एवढेसे कापड! ते पहिल्या दिवसापासून असते तर?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही घडवाल. ते नुसते देखणे करू नका. घाईतल्या माणसाच्या हाती देऊन बघा, चष्मा विसरलेल्याच्या हाती देऊन बघा. माणूस "माझंच चुकलं" म्हणाला, तर लगेच खरे मानू नका.

ताई आता एकटीच येते-जाते. तरी चौथ्या मजल्यावर शिरली, की सवयीने दारात पाय रोवते आणि मखमलीवर बोट ठेवते, मागून कुणी हळू पावलांनी येत असल्यासारखी. मीही दार लावत नाही.