घोंगडीखाली कोंडलेला ट्रान्समीटर

जुना झालो म्हणून काय झालं, मित्रांनो, घसा अजून खणखणीत आहे! टीव्हीवाल्यांच्या गाडीच्या टपावर ती मोठी तबकडी दिसते ना, तिच्या तोंडाशी बसलेला ट्रान्समीटर तो मी. खाली मैदानात जे घडतं ते मी आभाळातल्या उपग्रहाला ओरडून सांगतो आणि तो ते घराघरांत पोचवतो.

माझा जन्म बंगळुरूच्या कारखान्यात झाला, पण वाढलो कोल्हापुरात. इथं हळू बोलायची कुणाला सवय नाही! मला मात्र जन्मापासून शिस्त होती. आभाळ निरभ्र असेल तर हळू बोलायचं, पाऊस आडवा आला की आपणहून जोर वाढवायचा आणि उघडीप झाली की लगेच उतरवायचा. उपग्रहाकडून परतलेला माझाच आवाज ऐकून गाडीतलं यंत्र हे ठरवतं आणि माझा कान पिळतं. उगाच बोंबलत राहिलो तर उपग्रहावर शेजाऱ्यांचं बोलणं माझ्या गोंगाटात बुडतं.

काय दिवस होते ते! महापूर, निवडणुका, जत्रा, सगळीकडे मीच. मग मोबाइलवरून थेट चित्रं जाऊ लागली आणि मी शेडमध्ये पडलो. पारव्यांनी माझ्यावर संसार थाटला. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

पण मुरगूडच्या कुस्ती मैदानाला एवढी तोबा गर्दी व्हायची की साधा फोन कसाबसा लागायचा, मोबाइलवरून चित्र काही सरकायचं नाही. म्हणून यंदा मला पुसून बाहेर काढलं. पत्र्याच्या मंडपात मुलींची अंतिम कुस्ती होती. आजऱ्याची तमन्ना लढणार होती. तिला डाव शिकवणारे तिचे आजोबा, गैबी वस्ताद, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी खाटेवर पडले होते. नातीची एकही कुस्ती त्यांनी आजवर चुकवली नव्हती. ही कुस्ती त्यांना दाखवणं आता माझ्या हाती होतं!

कुस्ती लागली आणि वळीव कोसळला. टपोरे थेंब, नुसता धुमाकूळ! मी जोर वाढवला, आणखी वाढवला. चित्र जरासुद्धा हललं नाही. शाब्बास रे पठ्ठ्या, असं मी मलाच म्हटलं.

तेवढ्यात गाडीचे ड्रायव्हर बाबासो टपावर चढले. पावसात बैलाच्या पाठीवर घोंगडी टाकणारा माणूस तो. "भिजाय लागलंय की बिचारं," म्हणत त्यांनी आपली घोंगडी माझ्या तोंडावर पांघरली आणि चहाला गेले. घोंगडी चिंब भिजली. मी जीव तोडून ओरडत होतो, पण आवाज ओल्या लोकरीतच मुरत होता. माझा जोर संपला. तमन्ना दोन गुणांनी मागे असतानाच आजऱ्यात चित्र थिजलं.

गाडीत बसलेले इंजिनिअर उदयसिंह वस्तादांच्याच तालमीत घडलेले. त्यांचा फोन वाजला. वस्तादांची बायको इमामबी बोलत होती.

"आरं उदय, चित्र थटलंय! वस्ताद खाटंवरनं उतराय लागल्यात, टीव्ही हलवून बघतो म्हणत्यात!"

"पाऊस हाय की काकी! त्यास्नी धरून ठेवा, जरा दम धरा!"

त्यांनी बाहेर डोकावलं, तर वळीव ओसरून ऊन पडलं होतं. माझ्या जोराचा काटा मात्र अजून टोकालाच टेकलेला. "आभाळ तर मोकळं झालं. मग ह्यो अजून का बोंबलतोय?" ते टपावर धावले आणि घोंगडी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "बाबासो! आवो, ह्यो काय बैल हाय व्हय?"

घोंगडी उडाली! क्षणात मी आवाज उतरवला, नाहीतर शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसल्या असत्या. नशीब बलवत्तर म्हणून एका गुणाच्या वादात पंचांनी कुस्ती थांबवली होती. शिट्टी झाली. तमन्ना झेपावली, ढाक लावली आणि समोरची पोरगी पाठीवर! चितपट! मंडप दणाणला, आणि चालू फोनमधून वस्ताद गरजले, "बघिटलं! म्या बघिटलं!"

"रडाय लागल्यात रं उदय," इमामबी म्हणाली, "आन हसाय बी."

बाबासो ओशाळून घोंगडी पिळत उभे होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मायेनंच पांघरलं होतं. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर जपा, पण आम्हाला काय हवं ते आधी समजून घ्या. आणि एरवी शहाण्यासारखं बोलणारा कुणी अचानक जीव तोडून ओरडू लागला, तर त्याला गप्प करू नका. त्याच्या तोंडावर काय पडलंय, ते आधी बघा.