मिटलेली फांदी

जावयाबद्दल सासऱ्यांचं मत पहिल्या भेटीतच कायम झालं होतं: मुलगा गुणाचा, पण दिवसभर नेमकं करतो काय, ते चार लोकांत सांगता येत नाही. जावई एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. सासरे पंपांच्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं काम कसं दाखवता यायचं: हा खण, हा वॉशर. जावयाला काम दाखव म्हटलं तर तो पडदा दाखवायचा. पडदा काय, सिनेमावालाही दाखवतो.

त्यामुळे सासऱ्यांनी आपण होऊन त्याला काम सांगितलं तेव्हा जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

निमित्त आक्काचं होतं. आक्का म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. तिला नव्वद वर्षं पूर्ण होणार होती आणि तिने फर्मान काढलं होतं, "सगळ्या घराण्याचा एक फोटो. एक डोकं कमी भरलं तर मी खुर्चीत बसायची नाही, सरळ उठून घरी जाईन." आक्का बोलते ते करते, हा अनुभव घराण्यातल्या प्रत्येकाच्या गाठीशी होता.

आता 'सगळे' म्हटलं की त्यात धाकटाही आला. सासऱ्यांचा हा धाकटा भाऊ फार वर्षांपूर्वी घराला रंग द्यायला म्हणून त्यांची शिडी घेऊन गेला होता. शिडी परत आली ती एक पायरी गमावून. "नेली तेव्हाच नव्हती," असं धाकटा म्हणाला, आणि तिथं ठिणगी पडली. "पायरी मोडली," असं म्हणाला असता तर सासऱ्यांनी पोटात घातलंही असतं. पण आपल्या हातून मोडका माल दिला गेला, हा आरोप स्टोअरकीपर कसा गिळणार? तेव्हापासून दोघं लग्नाकार्यात भेटले तर एकाच तिसऱ्या माणसाशी बोलायचे. तो बिचारा टपालपेटीसारखा मध्ये उभा.

फोन करून आमंत्रण द्यायचं तर धाकट्याला स्वतःच्या तोंडाने 'ये' म्हणावं लागणार. सासऱ्यांनी तोड काढली.

"जावईबापू, घराण्याचा वृक्ष करा कॉम्प्युटरवर. आणि एक बटण ठेवा. दाबलं की सगळ्यांना निमंत्रण. यंत्र बोलावतं म्हटल्यावर रुसवेफुगवे नाहीत."

"काकांनाही, बाबा?"

"सगळ्यांना म्हटलं ना? मी कुणाचं नाव घेतलं का?"

जावयाने जेवणाच्या सुट्टीत बसून प्रोग्राम उरकला. डाव्या बाजूला झाड: सगळ्यात वर पणजोबा, त्यांच्याखाली मुलं, मुलांखाली नातवंडं. प्रत्येक नावाआधी छोटा चौकोन; त्यातलं अधिक दाबलं की खालची मंडळी उलगडतात, उणे दाबलं की पोटात जातात. खाली बटण: 'सर्वांना निमंत्रण'. पहिल्या चाचणीत घोडं पणजोबांपाशीच अडलं. 'ईमेल पत्ता भरा,' असा हट्ट यंत्राने धरला. मग जावयाने 'दिवंगत' अशी एक खूण ठेवली. तिचा सासऱ्यांना इतका आनंद झाला की एक जिवंत चुलतभाऊही त्या खणात जाता जाता वाचला.

माहिती भरायला सासरे स्वतः बसले. एका बोटाने. धाकट्याच्या मुलांची नावं, त्यांची मुलं, पत्ते, सगळं बिनचूक. माल आवडता असो की नावडता, नोंद ती नोंद. पण लिहून झालं की ते वर जायचे आणि स्वतःच्या वडिलांच्या नावाआधीचं उणे दाबायचे, म्हणजे धाकट्यासकट सगळी भावंडं दृष्टिआड. मग लक्षात यायचं की त्यात आपणही गेलो. मग अधिक दाबून स्वतःला बाहेर काढायचे. शेवटी जावयाने धाकट्याला सहकुटुंब ठेवायला वेगळी फांदी करून दिली, 'शाखा दुसरी'. ती मिटली की सासऱ्यांच्या कपाळावरची आठीही मिटायची.

ठरल्या दिवशी सासऱ्यांनी चष्मा पुसून बटण दाबलं. उत्तरं येऊ लागली. भाचे येणार, पुतणे येणार. तरी सासरे उठता बसता विचारायचे, "काही आलं?"

"कुणाचं, बाबा?"

"कुणाचंच नाही. असंच विचारलं."

आलं ते उत्तर नव्हे, आक्काचा फोन आला. सासरे फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे घराला काही विचारावं लागत नसे.

"धाकट्याला बोलावलं नाहीस?"

"बोलावलंय! या बोटाने बटण दाबलंय!"

"त्याच्याकडे कुणालाच काही आलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, नातवंडांना नाही. नेमकी त्याचीच फांदी कशी रे वाळली? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा. फोटो रद्द."

आयुष्यात पहिल्यांदा सासरे या बाबतीत खरं बोलत होते आणि पहिल्यांदाच कुणी विश्वास ठेवत नव्हतं. बायकोने तर "खरं सांगून टाका ना," म्हणून पाण्याचा पेलाही पुढे केला. लेक म्हणाली, "बाबा, एवढ्याशा पायरीसाठी?"

जावई कॉम्प्युटरपाशी गेला आणि आपलाच प्रोग्राम वाचू लागला. वाचता वाचता त्याला चूक सापडली. घाईत त्याने यंत्राला सांगितलं होतं: पहिल्या नावापासून सुरू कर, निमंत्रण धाड, मग पडद्यावर दिसणाऱ्या पुढच्या नावाकडे जा. दिसणाऱ्या! चाचणी घेताना तो दर वेळी सगळं झाड उलगडून ठेवायचा, भरगच्च दिसायचं म्हणून. मिटलेल्या फांदीच्या आत कुणी असतं, हे यंत्राला ठाऊकच नव्हतं.

गप्प बसायची सोय होती. सासऱ्यांवर आळ होताच, तो त्यांच्या अंगाला बसतही होता. पण मागे ते पेला हातात धरून न पिता बसले होते.

"बाबांनी बोलावलं होतं," जावई वळून म्हणाला. "चूक माझी आहे. प्रोग्राम फक्त उघड्या फांद्यांवरून फिरला. ती बंद होती, म्हणून वगळली."

लेक नवऱ्याकडे वळली. "आणि तू ऑफिसात लोकांचे प्रोग्राम तपासतोस?"

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे दार मी लावलं, आणि तुमचं यंत्र दार वाजवायलाही गेलं नाही."

"तसंच."

"मग अर्धी चूक माझी धरा. अर्धीच." मग म्हणाले, "आता कसं करणार?"

"आता प्रत्येकापाशी जायचं, निमंत्रण द्यायचं, मुलं आहेत का विचारायचं. असली तर पहिल्या मुलाकडे जाऊन पुन्हा हेच. ते घराणं पार तळापर्यंत संपलं की मागे फिरून पुढच्या भावंडाकडे. फांदी उघडी का मिटलेली, ते बघायचंच नाही."

"न बघता चालतं?"

"न बघितलं तरच चालतं, बाबा."

बटण पुन्हा दाबलं. आधी बोलावलेल्यांना दुसऱ्यांदा निमंत्रण गेलं; काहींना वाटलं आग्रह आहे, काहींना वाटलं म्हातारा विसरला. दुपारी धाकट्याचं उत्तर आलं. ओळ एकच: 'शिडी आहे का अजून?'

फोटोच्या दिवशी शिडी लागलीच. घराणं एवढं पसरलं होतं की उंचावरून घेतल्याशिवाय फोटोग्राफरला ते चौकटीत बसेना. सासऱ्यांनी शिडी आणली. गर्दीतून धाकटा पुढे आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली लाकडाची नवीकोरी पायरी होती. त्याने ती सरळ खाचेला लावून पाहिली. बोटभर लांब.

"माप घेतलं होतंस?" सासरे म्हणाले. मधल्या माणसाशी नव्हे, थेट.

"शिडी तुझ्याकडे. माप काय स्वप्नात घेऊ?"

"विचारायचं होतंस!"

"कुणाला? तुझ्या यंत्राला?"

"धरा रे ती शिडी दोघं दोन बाजूंनी," खुर्चीतून आक्का म्हणाली, "नाहीतर फोटोवाला पडेल आणि मी उठेन."

दोघांनी धरली. फोटोग्राफर गायब पायरीवर ढांग टाकून वर चढला, सगळं घराणं टिपलं, मग शिडी भिंतीला टेकवून, ती धरणाऱ्या दोघांनाही आक्काच्या दोन बाजूंना बसवून वरून पुन्हा टिपलं. डोकी भरली. आक्का खुर्चीत बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात जावयाने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर सहज झाड उघडलं. 'शाखा दुसरी' मिटलेली.

"बाबा, पुन्हा?"

"बोटभर लांब आणली आणि वर मलाच म्हणतो, खाच झिजलीय. माझी खाच!" सासऱ्यांनी वर्तमानपत्र उलटलं. मग त्याच्या आडून आवाज आला, "तुमचं यंत्र आता जातं ना मिटलेल्यातही?"

"जातं."

"मग राहू दे मिटलेली."